समाधानी माणसाला रडू का येतं?

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून ६२ वर्षांच्या एका काकांचं पत्र आलं आहे. एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून त्यांची नोकरी झाली. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट बसले. गेल्या हिवाळ्यात पाय सुजले, छातीत पाणी झालं, आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. तिथे 'हार्ट फेल्युअर'चं निदान झालं. टूडी एकोत पंपिंग ३० टक्के आलं. तेव्हापासून गोळ्या, अळणी जेवण, मोजून पाणी आणि रोज सकाळी वजनकाटा.

काका गावच्या भजनी मंडळात तीस वर्षं पखवाज वाजवत होते. दवाखान्यातून आल्यापासून एकदाही गेले नाहीत. पखवाज गवसणीत घालून माळ्यावर ठेवला आहे. काकू मात्र दर शनिवारी संध्याकाळी पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा वाटीत काढून ठेवतात, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला. काका उठत नाहीत. रात्री काकू त्या गोळ्याची पोळी लाटतात आणि गाईला घालतात. यावर दोघांत एक शब्दही होत नाही.

काका लिहितात, 'घर झालं, मुलीचं लग्न झालं, मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला आहे. कुणाचं देणं नाही. मी समाधानी माणूस आहे. तरी दिवेलागणीला डोळ्यांत पाणी येतं. एवढं सगळं मिळून रडायचं, हा कृतघ्नपणा नाही का? हृदयाच्या डॉक्टरला रडण्याचं काय सांगायचं? मुलगा म्हणतो, बाबा काही करू नका, फक्त आराम करा. मंडळातला एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पखवाज शिकायचं म्हणतो. मी आता भंगारात निघालेली गाडी. पखवाज त्याला देऊन टाकू का?'

नमस्कार काका,

तुमच्या प्रश्नांकडे येतेच. पण पत्राच्या मधे, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे, आधी त्याचं बोलू. 'खाटेवर पडलं की जमत नाही, म्हणून पहाटेपर्यंत खुर्चीत बसतो, हिला सांगतो उकडतंय.' हे उकाड्याचं नाही, हे तुम्हालाही कळलेलं आहे. आडवं झाल्यावर दम लागणं, उशाखाली आणखी एक उशी घ्यावी लागणं, झोपेतून धापा टाकत उठून खिडकीशी जाऊन बसणं, ही अंगात पुन्हा पाणी साठत असल्याची खूण असते. दिवसभर पायांकडे उतरलेलं पाणी आडवं झालं की छातीकडे परततं आणि कमजोर झालेल्या हृदयाला ते पुढे ढकलणं झेपत नाही. गोळ्यांचं प्रमाण बदलून पुष्कळदा हे आटोक्यात येतं, पण त्यासाठी डॉक्टरांना ते कळायला हवं. तेव्हा उद्यावर न टाकता आजच फोन करा आणि जाताना वजनाची वही बरोबर घ्या. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलेलं दिसलं, तर ते चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. आणि बसल्या जागीही धाप लागली तर कुणाला विचारत बसू नका, १०८ ला फोन करायचा.

हे आधी घेतलं, कारण तुमच्या रडण्याशी त्याचा संबंध आहे. जो माणूस कित्येक रात्री खुर्चीत काढतो, त्याला संध्याकाळी भरून येणारच. आधी झोप परत मिळू दे. रडण्याचा काही भाग तिथेच ओसरेल. सगळा ओसरेल असं मात्र मी म्हणणार नाही.

आता त्या 'फेल' शब्दाचं. आपल्याकडे हार्ट फेल झालं म्हणजे माणूस गेला. रात्री जेवून झोपले, हार्ट फेल झालं, सकाळी उठलेच नाहीत, असं ऐकतच आपण मोठे झालो. माझ्या आईच्या वेळी एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात एका तरुण डॉक्टरांनी चालता चालता 'पेशंटला हार्ट फेल्युअर आहे' एवढंच सांगितलं आणि ते पुढच्या वॉर्डात गेले. माझी मावशी मटकन खाली बसली. आई आत कॉटवर बसून चहात बिस्कीट बुडवत होती. आई त्यानंतर नऊ वर्षं होती. त्यातली पहिली दोन वर्षं तिनं त्या एका शब्दाच्या धाकात काढली, याचं मला अजून वाईट वाटतं. डॉक्टरी भाषेत त्याचा अर्थ इतकाच, की हृदय शरीराच्या गरजेला कमी पडतंय. बंद पडलेलं नाही. घरात बोलताना तुम्ही 'हृदय कमी पडतंय' असं म्हणून बघा. कानाला वेगळं लागतं आणि खरंही तेच आहे.

पंपिंग ३० टक्के म्हणजे ७० टक्के हृदय मेलं, असा हिशोब तुम्ही मांडला आहे. हा हिशोब फार जण मांडतात. धडधाकट माणसाचं हृदयसुद्धा १०० टक्के पंपिंग करत नाही. डाव्या कप्प्यात जमलेल्या रक्तातलं साधारण ५५ ते ७० टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं, बाकीचं आतच राहतं. तुमच्याशी तुलना करायची ती या आकड्याशी. कमी आहे, हे खरंच. पण गेल्या काही वर्षांत या आजाराच्या गोळ्या खूप सुधारल्या आहेत आणि त्या नेमानं घेतल्यावर कित्येकांचा हा आकडा वरही चढतो. शिवाय एकाच आकड्याची दोन माणसं सारखी नसतात. एकाला बाजारहाट जमते, दुसऱ्याला न्हाणीपर्यंत जाताना धाप लागते. म्हणून डॉक्टर आकड्याबरोबर 'काय करताना दम लागतो' हेही विचारतात आणि त्यावरून चार पायऱ्या ठरवतात. तुम्ही नेमक्या कुठल्या पायरीवर आहात, हे पुढच्या भेटीत विचारून घ्या. एकोच्या कागदापेक्षा त्यावरून तुमचा दिवस कसा जाईल हे जास्त कळेल.

आणखी एक गोष्ट तुमच्या वयाची. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली हार्ट फेल्युअरच्या १२०५ रुग्णांची रीतसर नोंद झाली. त्यांचं सरासरी वय ६१ च्या आसपास होतं आणि दहातल्या सातांच्या मुळाशी तुमच्यासारखंच ब्लॉकेजचं दुखणं होतं. पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुतेकांना सत्तरीनंतर गाठतो. आपल्याकडे तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. तुमचंच बघा. ज्या वर्षी आगार सुटलं त्याच वर्षी अटॅक आला. सकाळची शिफ्ट, हाताला लागलेलं ग्रीस, गाडीखाली सरपटत जाऊन नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणं, बरोबरीच्या माणसांचा चहा, हे सगळं गेलं त्याचा शोक करायला तुम्हाला सवडच मिळाली नाही. लगेच दवाखाना सुरू झाला. मग पखवाज गेला. तुम्ही एका आजाराबद्दल लिहिलं आहे, मला मात्र पत्रात तीन गोष्टी हातच्या गेलेल्या दिसतात.

आता मुख्य प्रश्न, कृतघ्नपणाचा.

'मी समाधानी आहे' आणि 'मला रोज रडू येतं', यातलं एक खोटं असलं पाहिजे, असं तुम्ही धरून चालला आहात. माझ्या मते दोन्ही खरी आहेत. एड डीनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८५ साली सहकाऱ्यांबरोबर आयुष्याबद्दलचं समाधान मोजायची पाच वाक्यांची एक छोटी पट्टी तयार केली. प्रत्येक वाक्याला १ ते ७ गुण द्यायचे. त्यात विचारतात ते सगळ्या आयुष्याबद्दल: जे मिळवायचं होतं ते मिळालं का, पुन्हा जगायला मिळालं तर काही बदलाल का. तुम्ही ती भरलीत तर ३५ पैकी ३० च्या खाली येणार नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. पण कालची संध्याकाळ कशी गेली, हे ती पट्टी विचारतच नाही. ते निराळं मोजावं लागतं. म्हणूनच दीर्घ आजाराच्या माणसांचा अभ्यास करणारे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात.

शेताचा सातबारा तुमच्या नावावर असतो, त्यावर बोजा नसतो, बांधावरून भांडण नसतं. तरी एखाद्या वर्षी पाऊस येत नाही. पाऊस नाही म्हणून डोळ्यांत पाणी आलेल्या शेतकऱ्याला आपण कृतघ्न म्हणू का? तुमचा सातबारा स्वच्छ आहे, काका. यंदा पाऊस नाही.

भजनात तीस वर्षं बसलेल्या माणसाला समाधानाची शिकवण नवी नाही. त्या शिकवणीला तुम्ही स्वतःच्या हातानं ठेका दिला आहे. त्यामुळे रडू आलं की तुम्हाला आपली शिकवण कच्ची निघाल्यासारखं वाटत असणार. पण मनाची उभारी राखायला शरीराचंही बळ लागतं. हृदय कमी पडायला लागलं की झोप, भूक, ताकद, सगळ्यांतून थोडं थोडं जातं आणि मन त्या सगळ्यावरच उभं असतं. यात तुमची निष्ठा कुठे कमी पडली, असं मला दिसत नाही.

आता डॉक्टरांना काय सांगायचं ते. २००६ साली जगभरातल्या बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. हार्ट फेल्युअरच्या साधारण दर पाच रुग्णांमागे एकाला, दखल घ्यावी इतकं नैराश्य आढळलं. म्हणजे हृदयाच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकड्यावर दहा जण बसले असतील तर त्यांतले दोघं तुमच्यासारखे. ते सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत. एक अडचण अशी, की थकवा, भूक न लागणं, झोप उडणं हे हृदयाचंही लक्षण आणि नैराश्याचंही. त्यामुळे सगळं हृदयाच्या खात्यावर लिहिलं जातं आणि मनाचं राहून जातं.

दोन साधे प्रश्न यात उपयोगी पडतात, जगभर डॉक्टर ते वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, हताश वाटलं का? ज्यात एरवी गोडी वाटायची, त्यात गोडी वाटेनाशी झाली का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायचं. तपासणीच्या खोलीत पाच मिनिटं मिळतात आणि ती गोळ्यांच्या नावांत जातात. म्हणून वजनाच्या वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवा: 'अमुक महिन्यांपासून जवळजवळ रोज संध्याकाळी रडू येतं. रात्री खुर्चीत बसून काढतो.' ते पान नुसतं पुढे करा. तोंडानं बोलावं लागणार नाही.

उपचार आहेत. पण सगळं एका गोळीनं होतं असं मी सांगणार नाही. २०१० साली अमेरिकेतल्या एका चाचणीत हृदय कमी पडणाऱ्या आणि उदास असलेल्या रुग्णांना १२ आठवडे सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध दिलं आणि तेवढ्याच जणांना दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी दिली. औषध निर्धोक ठरलं, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त फरक काही दिसला नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. दोन्ही गट सुधारले होते आणि दोन्ही गटांची नर्स नेमानं विचारपूस करत होत्या. त्या विचारपुशीनंच गुण आला असं कुणी ठामपणे म्हणू शकत नाही, पण मला तरी ती गोष्ट विसरता येत नाही. २०१५ च्या एका अभ्यासात समुपदेशनाचा, म्हणजे विचारांची आणि दिवसाची घडी समुपदेशकाबरोबर बसून पुन्हा बसवण्याचा, स्पष्ट फायदा दिसला. नेमानं चालण्याच्या व्यायामानंही उदासी थोडी उतरते, हे मोठ्या चाचणीत दिसलं आहे. गोळी काहींना लागते, विशेषतः नैराश्य खोल असेल तर. ती मनोविकारतज्ज्ञांनी ठरवायची आणि त्यांना तुमच्या हृदयाच्या सगळ्या गोळ्या दाखवायच्या, कारण नैराश्यावरची काही जुनी औषधं हृदयाला चालत नाहीत. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथेही जाता येईल. आणि उदास वाटतं ते गोळ्यांमुळेच, असं स्वतःच ठरवून हृदयाची कुठलीही गोळी बंद करू नका.

एक प्रश्न मला तुम्हाला सरळ विचारायचा आहे. जिवापाड जपलेली वस्तू माणूस अचानक देऊन टाकायला निघाला की आमच्यासारख्यांच्या मनात काळजी येते. रडताना कधी 'आता नको हे जगणं' असं वाटतं का? 'सगळ्यांना ओझं झालोय' हे तुमच्या पत्रात दोनदा आलं आहे. तसं वाटत असेल तर काकूंना किंवा मुलाला आजच सांगा. एकट्यानं सोसण्याची ही गोष्ट नाही. सरकारची 'टेलिमानस' ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६. रात्री-अपरात्री केव्हाही लावता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. खुर्चीत बसून पहाट व्हायची वाट बघत असाल तेव्हा तो नंबर जवळ असू दे.

मुलाचं म्हणणं काळजीपोटी आहे आणि पूर्वीच्या काळी डॉक्टरही हेच सांगत: खाटेवर पडून राहा. आता तसं सांगत नाहीत. आजार स्थिर असेल तर हलतं राहायला सांगतात. बसून राहिलं की दंड-मांड्यांचं मांस झडतं, मग थोड्या कामालाही दम लागतो आणि दम लागतो म्हणून माणूस आणखी बसतो. रात्रीचा दम आधी आटोक्यात येऊ दे, मग डॉक्टरांना विचारून सकाळी अंगणात पाच मिनिटं चालायला लागा. चालता चालता बरोबरच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे, एवढीच मोजपट्टी. बोलणं तुटायला लागलं की थांबायचं. पुढच्या भेटीला मुलाला पुण्याहून बोलावून घ्या आणि 'बाबांनी काय काय करायचं' हे त्याच्यासमोर डॉक्टरांना विचारा. काय करायचं नाही याची यादी तुमच्या घरात बरीच लांब झाली आहे.

'माझ्यामुळे सगळ्या घराला अळणी खावं लागतं' असंही तुम्ही लिहिलंय. मिठाचा खरा भार पापड, लोणचं, फरसाण आणि बेकरीच्या मालात असतो. ते दूर ठेवलं आणि भाजी-आमटीला लसूण, जिरं, आमसूल, लिंबू यांचा हात सैल सोडला, तर जेवण इतकं बेचव होत नाही. मात्र बाजारात 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि तुमच्या आजाराच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात जास्त वाढू शकतं. गुडघेदुखीसाठी दुकानातून मागून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही नकोत. त्यांनी अंगात पाणी धरतं.

आता काकू. तुमच्या पत्रात छातीत पाणी झालं त्यावर एक ओळ आहे आणि कणकेच्या गोळ्यावर चार. कशावर झाकलेली वाटी, ओट्याच्या कुठल्या कोपऱ्यात ठेवलेली, गोळा मऊ आहे की घट्ट, तेसुद्धा तुम्हाला माहीत आहे. म्हणजे दर शनिवारी तुम्ही ती वाटी बघता. 'मला आता काही वाटत नाही' असं लिहिणाऱ्या माणसाला त्या गोळ्याची पोळी होताना बघवत नाही, हे मला फार आशेचं वाटतं. ओढ संपलेली असती तर वाटी दिसलीही नसती.

आणि त्या का ठेवतात? तुम्ही लिहिलंय, 'सवयीनं.' मला नाही वाटत. बहुतेक त्यांना विचारायचं आहे आणि विचारता येत नाहीये. तुम्हाला भीती वाटते हे त्यांच्यापासून लपवताय, त्या त्यांची भीती तुमच्यापासून. तुम्ही खुर्चीत जागे आणि त्या आतल्या खोलीत कानोसा घेत जाग्या, असं नसेल कशावरून? एकदा सांगून टाका त्यांना, उकडत नाही, दम लागतो म्हणून. त्या घाबरतील, पण आता घाबरलेल्या नाहीत असं थोडंच आहे. त्यांनाही आठवड्यातून एक दुपार बहिणीकडे, मैत्रिणीकडे जाऊ द्या. आजारी माणसाची सोबत करणाऱ्याचंही मन थकतं.

पखवाज आत्ता देऊ नका. मुलाला नकार द्या असं मी म्हणत नाही. मन इतकं खाली असताना न फिरणारे निर्णय घेऊ नयेत, एवढंच. घर विकणं, वाटणी करणं, हेही त्यातलंच.

तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत असं तुम्ही धरलंय: पूर्वीसारखं रात्रभर वाजवायचं, नाहीतर देऊन टाकायचं. मधली वाट तुम्हाला मंडळातल्याच एकानं सुचवली होती, टाळ धरायची, आणि तुम्हाला ती लागली. 'तीस वर्षं पखवाज वाजवलेल्यानं टाळ धरायचा?' हा तुमचा प्रश्न मला समजतो. हाताला सवय झालेली जागा सोडणं सोपं नसतं. पण अभंगाची लय टाळकरीही तेवढीच धरून ठेवतात, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. आज नाही पटलं तर राहू द्या, पुढे बघू.

आणि ती भंगारात निघालेली गाडी. लांबचा पल्ला झेपेनाशी झालेली गाडी आगारात लगेच भंगारात जात नसे, आधी जवळच्या फेऱ्यांना लावत असत, असं तुम्हीच पत्रात वर कुठेतरी लिहिलंय. स्वतःच्या बाबतीत ती पायरी का गाळलीत?

म्हणून असं करून बघा. रात्रीचा दम गेला आणि डॉक्टर हो म्हणाले, की त्या मुलाला शनिवारी दुपारी घरी बोलवा. त्यालाच माळ्यावर चढू दे, तुम्ही उचलू नका. गवसणी तुम्ही काढा. कणीक कशी लावायची, किती ओली, किती जाड, आवाज कुठे बसला की हात थांबवायचा, हे त्याला दाखवायला ताकद लागत नाही, कान लागतो. तुमचा कान शाबूत आहे. तुम्ही एक मिनिट वाजवा, तो दहा मिनिटं वाजवेल. चुकला की बोटानं दाखवा. अर्ध्या तासात बंद. हे चार-सहा आठवडे जमलं, तर मग देवळात जायचं. भिंतीला टेकून बसायचं, पखवाज गळ्यात घालून उभं राहायचं नाही, एक अभंग वाजवून मुलाकडे द्यायचा. शेवटपर्यंत थांबलंच पाहिजे असं नाही. लघवीच्या गोळीमुळे सारखं उठावं लागेल या संकोचानं पुष्कळ जण घराबाहेर पडणंच सोडतात. ती गोळी कधी घेतली तर संध्याकाळ मोकळी मिळेल, हे डॉक्टरांना विचारा, बरेचदा वेळ जुळवून देता येते. आणि एखाद्या शनिवारी पाय सुजलेले असले, नाही गेलात, तर तो शनिवार गेला इतकंच. या आजारात बरे-वाईट दिवस आलटून पालटून येतात. पुढे किती आणि कसं, हेही डॉक्टरांना कधीतरी शांतपणे विचारा. आपल्याला काय हवं, काय नको, ते घरात बोलून ठेवलं की मुलांवरचा भार हलका होतो.

पखवाज त्या मुलाला द्यायचाच असेल तर त्याचा हात बसल्यावर द्या, वर्षानं, दोन वर्षांनी. तोपर्यंत तो तुमच्या घरी येत राहील.

हे सगळं वाचणाऱ्या एखाद्या ताईंच्या घरी पखवाज नसेल, पण दिवाळीचा फराळ असेल. दरवर्षी पंचवीस माणसांचं करणाऱ्या बाईला 'तू बसून राहा' असं सांगून स्वयंपाकघरातून उठवलं की तिचं काय होतं, हे मी आईच्या वेळी बघितलं आहे. पुढच्या वर्षी आम्ही तिला खुर्चीवर बसवून करंज्यांना मुरड घालायला दिली. तळण आमच्याकडे, मुरड तिच्याकडे. त्या दिवशी ती सगळ्यांवर ओरडली, कितीतरी महिन्यांनी.

काका, डॉक्टरांकडे जाऊन आलात की मला लिहा. मुलगा काय म्हणाला, काकू काय म्हणाल्या, आणि रात्री खाटेवर झोपताना किती उशा लागल्या, तेही.